पूर्ण वाक्याचा वेग

खामगाव
सोमवार, २ डिसेंबर २०२४

श्री. उत्तमराव अढाऊ यांस
भालचंद्र पातुरकर याचा नमस्कार.

पाकिटाच्या मागे माझे नाव वाचून तुम्ही हे पत्र न उघडता फडताळात टाकाल, अशी शक्यता मी गृहीत धरली आहे. टाकण्यापूर्वी एवढेच वाचावे. रविवार, १२ जानेवारी रोजी मी खामगावहून तुमच्या वरवट बकालच्या शेतावर सायकलने येऊ इच्छितो. परवानगी असल्यास कळवावे. नसल्यास कारणासह कळवावे.

दूरध्वनी न करता पत्र लिहिण्याचे कारण असे, की दूरध्वनीवर तुम्ही मला आजवर एकही वाक्य पुरे करू दिलेले नाही.

अठ्ठावीस वर्षे आपण एका शाळेत नोकरी केली. मी मराठी शिकवले, तुम्ही कवायत शिकवली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, शाळेच्या मैदानावर, सातवीच्या मुलांदेखत तुम्ही मला सायकल शिकवलीत, हे ऋण मी नाकारत नाही. त्यानंतर दर जानेवारीत तुमच्या शेतातल्या, गोवऱ्यांत भाजलेल्या रोडग्यांच्या पंगतीला आपण दोघे सायकलींनी जात आलो. सुमारे चाळीस किलोमीटर. पहाटे पाचला निघायचे आणि उन्हे चढण्याच्या आत गोजरबाईवहिनींच्या हातचा चहा घ्यायचा. हा क्रम ८ जानेवारी २०२३ रोजी तुटला.

तुमच्या स्मरणशक्तीवर माझा विश्वास नसल्यामुळे त्या दिवसाची वस्तुस्थिती येथे नोंदवतो. थंडी कडाक्याची होती. तुम्ही अकारण वेग वाढवलात. पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे मला किंचित दम लागला. मी विनंती केलेली नसताना तुम्ही मला आणि माझ्या सायकलीला कापसाच्या बैलगाडीवर चढवलेत. शेतावर मी डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा होऊन उतरलो. इतकेही मी सोसले असते. परंतु पंगत बसल्यावर तुम्ही माझ्या धापा टाकण्याची नक्कल केलीत आणि चाळीस माणसे हसली. मला बस गाठायची होती, म्हणून मी पंगतीतून उठलो आणि निघालो.

यानंतर गेल्या जानेवारीत तुमचे निमंत्रण आले नाही. त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. सुलभा म्हणते, की मी त्याविषयी वर्षभर दुसरे काही म्हणालोच नाही. पण तिला अतिशयोक्तीची सवय आहे.

मी आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे. तुम्ही पंचाहत्तर पूर्ण केली असतील. आणखी किती हिवाळे आपल्याला सायकली चालवता येतील, याचा हिशेब मी मांडू इच्छित नाही. मला त्या रस्त्याने एकदा, कोणत्याही गाडीवर न चढता, तुमच्या शेतावर पोचायचे आहे. पोचल्यावर दम लागलेला नसावा, एवढीच अट मी स्वतःला घातली आहे.

कळावे.
भालचंद्र पातुरकर


खामगाव
मंगळवार, १० डिसेंबर

श्री. उत्तमराव यांस,

पत्राचे उत्तर पत्राने द्यावे, असा संकेत आहे. तुम्ही ध्वनिसंदेश पाठवलात, तोही सुलभाच्या भ्रमणध्वनीवर. तिने तो स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीपेक्षा मोठ्या आवाजात तीनदा लावला. पुढे तुम्हांला नाकारता येऊ नयेत म्हणून तुमचे शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवतो:

“काहो मास्तर, दोन वर्सानं आठोन आली का? सायकलनं येतो म्हंता, मंग या ना! म्या काय रस्ता रोकून धरला? पन एक सांगून ठेवतो, या खेपी कापसाची गाडी भेटनार नाई. कापूस कवाचाच इकला आमी.”

सुलभा इतकी हसली, की भाजी लागली. मी मात्र यास परवानगी समजतो.

परवा, रविवारी, पूर्वतयारी म्हणून पहाटे पाचला शेगावच्या रस्त्याने निघालो. सायकल तीच, काळी, चोवीस इंची. पहिला किलोमीटर उत्तम गेला. मला वाटले, दोन वर्षे आपण उगीच घाबरलो. म्हणून जोर वाढवला. जोर वाढवताच तोंड उघडले, आणि तोंडाने ती पहाटेची हवा सरळ छातीत गेली. विहिरीतला दोर गारठलेल्या हाताने ओढावा, तसा एकेक श्वास ओढू लागलो. शेवटी रस्त्यातल्या एका मोरीच्या कठड्यावर बसलो. छातीतून किटलीसारखा आवाज येत होता आणि तो आवाज आपलाच आहे, हे समजण्यास थोडा वेळ लागला.

सायकल वाहनातून परत आली. त्या वाहनात मीही होतो. मेथीही होती.

दारात सुलभाने माझ्या स्वेटरवरची मेथीची पाने वेचली. ती म्हणाली, “अहो, मी मेथी आणायला सांगितली नव्हती.” मग ती हसायची थांबली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो बराच वेळ तेथेच होता.

उद्या डॉक्टरांकडे जाणार आहे. सुलभाने वेळ घेतली आहे; मी केवळ संमती दिली आहे.

भालचंद्र


खामगाव
बुधवार, १८ डिसेंबर

श्री. उत्तमराव यांस,

डॉ. धम्मशीला इंगळे तुम्हांला आठवत असेल. आपल्या शाळेची विद्यार्थिनी, दुसऱ्या बाकावर बसणारी, लांब उडीत तुम्ही जिल्ह्याला नेलेली. ती आता छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. मी खोलीत शिरताच ती उभी राहिली, आणि मी बसताच ती शिक्षिका झाली.

तिने माझे सर्व ऐकून घेतले. पहाटे पाच, जोर, उघडे तोंड. मग म्हणाली, “सर, यातलं काय बरोबर केलं ते आधी सांगते, कारण ते पटकन संपेल. सायकल काढली, ते बरोबर केलं.”

तिचे म्हणणे मी माझ्या शब्दांत लिहितो. थंड हवा कोरडीही असते. ती तशीच आत गेली, की आतल्या नळ्या आकसतात आणि माणसाला वाटते आपला दम संपला. दम संपलेला नसतो; वाट अरुंद झालेली असते. नाक हे हवेला कोमट आणि ओलसर करण्यासाठीच दिलेले आहे, तेव्हा श्वास नाकाने घ्यावा. सोडताना घेण्यापेक्षा अधिक वेळ लावावा. नाकातोंडावर लोकरी मफलर असावा. पण तो सैल हवा, म्हणजे आपल्याच उच्छ्वासाची ऊब पुढच्या श्वासाला मिळते. पहाटे निघू नये, ऊन पडल्यावर निघावे. घरातून निघताच टांग मारू नये. आधी सायकल हातात धरून दहा मिनिटे चालावे, मग कूर्मगतीने सुरुवात करावी. छाती आवळल्यासारखी वाटली, तर तेथेच थांबावे. याखेरीज एक लहानसे औषध तिने पुन्हा नियमित करण्यास सांगितले. त्याविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

मी विचारले, “पण वेग किती ठेवायचा? मोजायचा कसा?”

ती हसली. “सर, तुम्ही आम्हांला काय सांगायचात? अर्धं उत्तर चालणार नाही, पूर्ण वाक्यात बोला. तेच मी तुम्हांला सांगते. सायकल चालवताना मोठ्यानं बोला. ज्या वेगात पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतं, तो तुमचा वेग. वाक्य तुटलं, की पाय हळू करा. जानेवारीत वीस किलोमीटर असं करून दाखवलेत, तर वरवटला जायची परवानगी देईन. नाहीतर नाही.”

उत्तमराव, बेचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही मला सायकल शिकवताना फक्त “दाबा मास्तर, दाबा!” एवढेच म्हणाला होतात. त्यात क्रियापद होते, हे मान्य. परंतु शास्त्र नव्हते.

आता प्रगती. पहिल्या दिवशी मफलर नाकावर घेतला आणि उच्छ्वासाने चष्म्यावर वाफ धरली. रस्ता वळला; मी वळलो नाही. तुरीच्या शेतात तूर उभी होती आणि मी आडवा होतो. सुलभाने मग मफलरची वरची कड आतून दुमडून नाकाच्या हाडावर बसेल अशी टाचली. त्यामुळे वाफ खाली जाते. हा शोध तिचा आहे आणि ती तो रोज सांगते.

दुसरी अडचण अशी, की बोलायचे काय? प्रथम विभक्तींचे प्रत्यय म्हटले. परंतु ते इतके पाठ आहेत, की धाप लागली तरी तोंड चालूच राहते. म्हणून आता ताजी वाक्ये रचून बोलतो. रस्त्याकडेच्या हरभऱ्याच्या राखणीला बनाबाई नावाच्या एक बाई असतात. त्यांनी मला तीन दिवस पाहिले आणि चौथ्या दिवशी हाक मारली.

“ओ मास्तर, कोनासंगं बोलून राह्यले? मांगं तं कोनीच नाई.”

“वाक्य बोलतो आहे, बाई.”

“कोनाले?”

“कोणालाच नाही.”

“मंग घरी बायको नाई का?”

काल सात किलोमीटर झाले. एकही वाक्य तुटले नाही. नऊ वाजताच्या उन्हात, मफलरच्या आतल्या उबेत, नाकाने सावकाश श्वास घेत जाताना मला पंचवीस वर्षांपूर्वीसारखे वाटले. पूर्वी मी श्वास घेतो आहे, हेच माझ्या ध्यानात नसे. आता ध्यानात असते, आणि त्यामुळे तो अधिक गोड लागतो.

वहिनींस नमस्कार सांगावा आणि विचारावे: १२ तारखेला रोडगे करणार ना?

भालचंद्र


खामगाव
शुक्रवार, २७ डिसेंबर

प्रिय उत्तमराव,

तुमचा संदेश आला, तेव्हा सुलभा नेहमीप्रमाणे हसण्याच्या तयारीने बसली होती. तो संपल्यावर तिने भ्रमणध्वनी पालथा ठेवला आणि ती आत गेली. मी तो पुन्हा एकट्याने ऐकला आणि उतरवून घेतला. तुम्ही नाकारावा म्हणून नव्हे. मला तो विसरता येऊ नये म्हणून.

“मास्तर, रोडग्याचं नाव काढू नका. गोजरनं त्या दिसापासून कोनाले रोडगा वाढला नाई. गेल्या वर्सी पंगतच नाई झाली, मंग तुमाले निमंत्रन कायचं धाडू? तुमी त्या दिवशी उठले अन् मांगं वळून पाह्यलं नाई. आपल्या म्हाताऱ्या निवृत्तीदादानं पत्रावळीतून हात काढला. पंगतीतला एक मानूस उठला का दादा पुढचा घास घेत नाई, तुमाले मालूम हाये. दादा उठला, मंग सारेच उठले. चाळीस मानसं, एकेक घास खाऊन. बाई सकाळपासून गोवऱ्याच्या धगीत बसली होती मास्तर. रोडगे बैलाईनं खाल्ले.”

येथे तुमचा आवाज खाली आला.

“अन् तिले वाटते, रोडग्यातच काई खोट होती. आजबी इचारते, मास्तरले माह्या रोडग्यात काय लागलं असन? ती तिकडं चुलीपाशी होती, तिनं नक्कल पाह्यलीच नाई. म्या सांगतलं नाई. हसले तं सारेच, मंग सांगन कोन?”

उत्तमराव, पंगतीतून एकाने उठणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरी वडील जेवण संपवून आपोशनाचे पाणी घेईपर्यंत कोणाची हलण्याची प्राज्ञा नव्हती. ठाऊक असून मी उठलो. दोन वर्षे मी स्वतःला सांगत आलो, की मी माझे एकट्याचे जेवण सोडले. मागे न पाहिल्यामुळे मला तसे सांगता आले.

तेव्हा २ डिसेंबरच्या पत्रातील वस्तुस्थिती दुरुस्त करतो. तुम्ही वेग वाढवला नव्हता. तो मी वाढवला होता, कारण तुम्ही माझ्याहून मोठे असून पुढे होतात. दम किंचित लागला नव्हता; डोळ्यांपुढे अंधारी आली होती, आणि तुम्ही गाडीवर चढवले नसते, तर काय झाले असते हे मला सांगता येत नाही. आणि बस. वरवटची बस पावणेतीनला होती. मी उठलो, तेव्हा सव्वाबाराही वाजले नव्हते.

मला राग आला होता, हे खरे. परंतु राग पंगतीत बसूनही धरता येतो. मी उठलो, कारण चुलीचा धूर आमच्या ओळीकडे वळला आणि छाती पुन्हा आवळू लागली. माझ्या खिशात औषधाचा पंप होता. तोंडात धरून दाबायचा असतो तो. दम्याचे निदान त्याच्या आदल्या पावसाळ्यात झाले होते आणि ते सुलभाखेरीज कोणालाही माहीत नव्हते. चाळीस माणसे माझ्या धापांवर हसत असताना त्यांच्यासमोर तो पंप तोंडात धरणे मला जमले नाही. मी कडुनिंबाच्या मागे जाऊन तो घेतला. मग परत येऊन बसणे शक्य होते. मी परत आलो नाही.

सोबत वहिनींसाठी स्वतंत्र कागद जोडला आहे. तो त्यांना वाचून दाखवावा.

भालचंद्र


खामगाव
सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रिय उत्तमराव,

तुम्ही कागद वाचून दाखवला नाहीत. कारण दिलेत ते असे: “तुमच्या कागदातली मराठी मले वाचता येते, पन तिले ऐकता येनार नाई. अन् माह्या तोंडानं तुमची माफी काऊन मागू? माह्यी मले मागाची हाये. तोंडानं येऊन सांगा.” युक्तिवाद निर्दोष आहे. तुम्ही कवायत शिकवण्यात आयुष्य दवडलेत, असे प्रथमच वाटले.

पुढे तुम्ही कळवलेत, की मी येणार आहे एवढे वहिनींना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “येऊ द्या. चूल पेटवायची का नाई ते आल्यावर पाहू.” त्यांनी कणीक मळायचेही मान्य केले आहे आणि गोवऱ्याही रचणार आहेत; फक्त काडी लावणार नाहीत. निवृत्तीदादांसह जुनी पंगत बोलावली आहे. म्हणजे मला काय बोलायचे आहे, हे ऐकल्यावरच चाळीस माणसांच्या जेवणाचा निर्णय होणार. माझ्या आयुष्यात इतक्या माणसांची भूक माझ्या वाक्यावर कधी अवलंबून नव्हती.

काल मी वीस किलोमीटर केले. डॉ. धम्मशीला स्वतः स्कूटीवरून शेवटचे चार किलोमीटर माझ्या बाजूने आली. ती प्रश्न विचारत होती आणि मी पूर्ण वाक्यांत उत्तरे देत होतो. कधी ती मुद्दाम अवघड विचारी. “सर, रागावल्यावर माणसाचा श्वास कसा होतो?” मी म्हणालो, “रागावल्यावर माणसाचा श्वास आखूड होतो आणि तो तसा झाल्याचे त्या माणसाला सर्वांत शेवटी कळते.” तिने स्कूटी थांबवली आणि म्हणाली, “जा, वरवटला जा. पंप वरच्या खिशात ठेवा, आतल्या नाही.”

वहिनींपुढे बोलावयाचे वाक्य मी तयार केले आहे. त्यात एकतीस शब्द आणि तीन गौण वाक्ये आहेत, आणि खेद, कारण व विनंती हे तिन्ही त्यात यथाक्रम येतात. सपाट रस्त्यावर मी ते एका श्वासात म्हणू शकतो.

मी नऊला निघेन. सुलभा बसने परस्पर येईल. तुम्हांला पूर्णेच्या पुलावर येऊन थांबायचे असल्यास हरकत नाही. मात्र तेथून पुढे तुम्ही माझ्या पुढे राहू नये.

तुमचा
भालचंद्र


खामगाव
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

सौ. गोजरबाईवहिनींस
भालचंद्रचा नमस्कार.

हे पत्र तुम्हांला उत्तमराव वाचून दाखवतील. त्यांनी मध्ये स्वतःची टिप्पणी घालू नये आणि त्यांच्याविषयीचा मजकूर गाळू नये. परवा शेतावर जे घडले ते तुम्ही पाहिले. परंतु मी तेथे कसा पोचलो, हे तुम्ही पाहिले नाही. म्हणून लिहितो.

नऊला सायकल हातात धरून निघालो. दहा मिनिटे चाललो. शेजारच्यांना वाटले पंक्चर आहे. मग बसलो आणि शेगावपर्यंत मुंगीच्या गतीने गेलो. वाक्य एकदाही तुटले नाही. बनाबाईंनी हरभऱ्यातून हात केला आणि विचारले, “आज कोनाले बोलून राह्यले?” मी म्हणालो, “आज माणूस आहे, बाई, चाळीस किलोमीटरवर.” त्यांनी मला हरभऱ्याची एक जुडी दिली. ती तुम्हांला द्यायची होती. पण तुमच्या यजमानांनी ती पुलावर खाल्ली.

पूर्णेवर वारा सुटला होता. ऊन असूनही पाण्यावरची हवा बोचरी होती. पुलाच्या तोंडाशी उत्तमराव सायकल टेकवून उभे होते, कानटोपीत. मला पाहून घाई झाली, आणि घाई झाल्याबरोबर तोंड उघडले. छाती आवळली. मी उतरलो, कठड्याला टेकलो, वरच्या खिशातून पंप काढला आणि त्यांच्यासमोर घेतला.

ते पाहत राहिले. “हेच का ते?”

“हेच.”

“तवाबी होतं?”

“तेव्हाही होते.”

“एवढंसंच तं हाये!” ते म्हणाले. “मले वाटलं मोठं असन काई.” मग बराच वेळ हरभरा सोलत बसले. म्हणाले, “म्या तिले सांगतलं नाई, तुमी मले सांगतलं नाई. आपन दोघं मास्तर म्हनून काय कामाचे? चाला. मी मांगंच राहतो.”

पाव तासाने छाती मोकळी झाली. तेथून वरवटपर्यंत ते मागे होते आणि ओरडत होते, “बोला मास्तर, बोला! आवाज बंद झाला का मी उतरवीन तुमाले!” मी तुमच्यासाठी रचलेले वाक्य म्हणू लागलो. मध्यावर आलो तर मागून आवाज आला, “अजून क्रियापद नाई आलं का? तिकडं कणीक सुकून राह्यली!”

मग आपले शेत आले. गोवऱ्यांचा ढीग रचलेला होता आणि थंड होता. परातीवर ओले फडके होते. तुम्ही परातीशेजारी उभ्या होतात, आणि तुमच्यामागे चाळीस माणसे इकडे तिकडे पाहण्याचे सोंग करत होती. मी सायकलवरून उतरलो. वहिनी, मला दम लागलेला नव्हता. श्वास हवा तेवढा होता. एकतीस शब्दांपैकी एकही जागेवर नव्हता.

त्यानंतर मी बोललो ते तुम्ही ऐकलेत. “वहिनी, माझं चुकलं. तुमच्या रोडग्यात काही खोट नव्हती. यांनी नक्कल केली, मी रागावलो, आणि हे औषध लपवायला उठलो.” यापेक्षा अधिक मला सुचले नाही.

तुम्ही म्हणालात, “नक्कल? कायची नक्कल? कोनं केली?”

त्या क्षणी उत्तमरावांना त्यांच्या सायकलीची साखळी तपासण्याची निकड भासली.

“दोन वर्सं!” तुम्ही म्हणालात. “दोन वर्सं मी गहू बदलला, गिरणी बदलली, तुपावरून सुनेसंगं भांडली! अन् हे बाजूले बसून म्हंत, गोजर, गहूच खराब असन यंदाचा!” निवृत्तीदादा तोंडावर उपरणे धरून हसत होते, आणि सुलभाने काड्यापेटी तुमच्या हातात दिली. तुम्ही ती घेतली नाहीत. तुम्ही ती उत्तमरावांना दिलीत. “पेटवा. आज धगीत तुमी बसा. अन् रोडगा करपला तं पाहा.”

त्यांनी अडीच तास रोडगे भाजले. मला तुम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धुरापासून दूर बसवलेत. कसलीही चौकशी न करता, बाज उचलून. उत्तमराव धुरात डोळे पुसत खोकत होते आणि मी त्यांची नक्कल केली नाही. हे माझ्या संयमाचे उदाहरण म्हणून नोंदवले जावे.

उरलेले सांगतो. पंगतीत माझा तिसरा रोडगा संपला, तेव्हा पोट भरले होते. मी आजूबाजूला पाहिले. सर्वांचे जेवण कधीच झाले होते. पत्रावळी रिकाम्या होत्या, बोटांवरचे तूप वाळले होते आणि कोणीही उठले नव्हते. तुम्ही तुपाची तपेली घेऊन आलात आणि मी नको म्हणण्याआधीच चौथा रोडगा चुरून वाढलात. “कोनी उठाचं नाई,” तुम्ही ओळीकडे पाहून म्हणालात. “मास्तर उठतीन तवा.”

हे सर्व तुम्हांला माहीत आहे. पुढचे माहीत नाही, कारण तेव्हा तुम्ही ओळीच्या दुसऱ्या टोकाला पाणी वाढत होतात. निवृत्तीदादा माझ्या शेजारी होते. वय सत्त्याऐंशी, दात नाहीत, मांडी घालून तासभर बसलेले. त्यांच्या पत्रावळीत एक घास उरला होता. मला वाटले, त्यांना खाववत नाही. मग लक्षात आले, की त्यांनी तो राखून ठेवला आहे. मी माझा शेवटचा घास उचलला, तेव्हा त्यांनी तो उचलला. आम्ही दोघांनी तो बरोबरच घेतला आणि सावकाश चावला. त्यांना वेळ लागत होता, मी थांबलो.

मग मी उठू लागलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून भार दिला आणि कानाशी येऊन म्हणाले, “दमानं उठा, मास्तर. मांगं सारी पंगत हाये.”

तुमचा
भालचंद्र